झोळी उचलण्याआधीचा अर्धा दिवस

पहिला दिवस : अमळनेर ते धडगाव

सुरतेकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने मी नंदुरबारला उतरले तेव्हा अकरासुद्धा वाजले नव्हते, तरी फलाटावरचा वारा भट्टीवरून आल्यासारखा अंगाला लागत होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. अमळनेरच्या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी नवापूर तालुक्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात परिचारिका आहे, आणि या प्रवासाचे निमंत्रण तिचेच होते. तिथले डॉक्टर दांपत्य अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांमधील कारभारी, पोलीस पाटील, दाया आणि बडवे, म्हणजे मंत्राने उपचार करणारे, यांना प्राथमिक आरोग्याचे पाच दिवसांचे शिक्षण देणार होते. त्यासाठी केलेली मराठी पाने शिकणाऱ्यांना खरोखर समजतात की नाही, हे पाहायला त्यांना शिकवण्याची सवय असलेले कोणीतरी हवे होते. मी लगेच हो म्हटले.

हाच आठवडा का निवडला, ते जीपमध्ये बसल्यावर कळले. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे आता परतलेली असतात आणि पाऊस अजून यायचा असतो. एकदा पाऊस लागला की नाले भरतात आणि पुष्कळ पाड्यांचा संपर्क तुटतो. पाड्यावर माणसे आहेत आणि रस्ताही आहे, असे वर्षातले थोडेच दिवस असतात.

प्रकाशाला तापी ओलांडून आम्ही तळोद्याला आलो आणि कोठारवरून चांदसैलीच्या घाटाला लागलो. वाटेत डॉक्टर फारसे बोलले नाहीत. ते मूळचे तमिळनाडूचे, वेल्लोरला शिकलेले, आणि आता मराठीइतकीच सफाईने पावरी, म्हणजे इथल्या पावरा समाजाची बोली, बोलणारे आहेत. डॉक्टरीणबाई मात्र मनापासून बोलत होत्या. मिशनचे वैद्यकीय काम या भागाला नवे नाही. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला १९४२ पासून मिशनचा दवाखाना आहे, आणि महाराष्ट्रात त्याही आधी, १८९४ मध्ये, विल्यम वानलेस यांनी मिरजेला काम सुरू केले होते. बाई म्हणाल्या, ‘‘या सगळ्यांनी इमारत बांधली आणि दार उघडे ठेवले, आणि ते मोठेच काम होते. पण दारापर्यंत न पोहोचणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला जामखेडने शिकवला.’’ रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरलाच शिकलेले डॉक्टर दांपत्य. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले आणि गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि बऱ्याच दलित समाजातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांचा सहभाग हवा, असे जगाने अल्मा-आटाच्या परिषदेत १९७८ साली ठरवले. त्याच्या आठ वर्षे आधी जामखेडच्या खेड्यांत ते सुरू झालेले होते.

घाटाच्या एका वळणावर चालकाने जीप सावकाश केली. २०२१ च्या पावसाळ्यात इथे दरड कोसळून रस्ता बंद झाला होता, आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन पायी निघालेल्या एका माणसाने तिला वाटेतच गमावले. ती बातमी मी तेव्हा घरी बसून वाचली होती. वळण प्रत्यक्ष पाहिल्यावर तिचे वजन निराळे वाटले.

पुढे अस्तंभ्याचे, म्हणजे अश्वत्थाम्याच्या नावाच्या डोंगराचे, शिखर दिसू लागले. कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याची गोष्ट आम्ही खानदेशातली मुले आजीच्या तोंडून ऐकतच मोठी झालो. दिवाळीच्या सुमारास लोक हा डोंगर चढून यात्रेला जातात. उन्हात करपलेल्या त्या डोंगराकडे पाहताना वाटले की जखम, तेल आणि दारोदार हिंडणे हे सगळे या मुलखाच्या कथेत पहिल्यापासूनच आहे.

अक्राणी तालुक्याचे ठिकाण असलेल्या धडगावला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती.

दुसरा दिवस : खड्यांचे ढीग

सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका आश्रमशाळेत वर्ग भरला. सत्तावीस माणसे आली होती. त्यांत निम्म्याहून अधिक कारभारी आणि पोलीस पाटील, एक महिला सरपंच, चार दाया, दोन बडवे, पाड्याची पूजाअर्चा करणारा एक पुजारा, एक निवृत्त गुरुजी आणि उरलेल्या आशा व अंगणवाडी सेविका होत्या. नर्मदाकाठचे तिघे आदल्या दिवशीच निघाले होते. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे त्यांच्याकडची जुनी वाट बुडाली, तेव्हा आधी होडी आणि मग डोंगर असा त्यांचा प्रवास झाला. त्या काठावर सरकारचा तरंगता दवाखाना फिरतो. त्याच्या डॉक्टरांविषयी हे तिघे आपुलकीने बोलत होते.

वर्गाची सुरुवात एखाद्या आजाराने होईल अशी माझी अपेक्षा होती. डॉक्टरांनी जमिनीवर खडूने चार चौकोन आखले, नदीतले खडे मधोमध ओतले आणि विचारले, ‘‘गेल्या पावसाळ्यात तुमच्या पाड्यावरून कोणाला झोळीतून, म्हणजे बांबूला बांधलेल्या कापडातून, खांद्यावर न्यावे लागले? ती गोष्ट सांगा. एक खडा म्हणजे एक तास.’’ आजार लक्षात आल्यापासून न्यायचे ठरेपर्यंतचे तास पहिल्या चौकोनात, ठरल्यापासून गाडीरस्त्याला लागेपर्यंतचे दुसऱ्यात, तिथून दवाखान्यापर्यंतचे तिसऱ्यात आणि दवाखान्यात उपचार सुरू होईपर्यंतचे चौथ्यात.

पहिली गोष्ट अडलेल्या बाळंतपणाची निघाली, दुसरी तापात झटके आलेल्या मुलाची, तिसरी सापाची. प्रत्येकजण उठून खडे ठेवत होता आणि बाकीचे त्याला दुरुस्त करत होते. ‘तेव्हा दिवे लागले होते, मग चार तास कसे?’ असे मध्येच कोणीतरी म्हणे आणि दोन खडे आणखी पडत. सात गोष्टी झाल्यावर पाहिले तर पहिल्या चौकोनातला ढीग सगळ्यांत मोठा होता. बाळंतीणीच्या गोष्टीत तो चौदा खड्यांचा होता. झोळी डोंगरावरून खाली आणायला मात्र चारच तास लागले होते. चौथा चौकोनही रिकामा नव्हता. एका रुग्णाचे पाच तास एका दवाखान्याच्या ओट्यावर गेले होते आणि ते सांगताना सरपंचबाईंचा आवाज चढला. डॉक्टरांनी ते निमूटपणे ऐकून घेतले आणि पाचही खडे तिथेच राहू दिले.

या चौकोनांमागची मांडणी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे. मातामृत्यूंमागे तीन विलंब असतात, एक निर्णयाचा, दुसरा पोहोचण्याचा आणि तिसरा उपचार मिळण्याचा, असे सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडले. ते मला आधी वाचून ठाऊक होते. पण ते खड्यांत पाहिलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते पुस्तक वाचताना माझ्या चेहऱ्यावर नक्कीच उमटले नसेल. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वरच्या एका पाड्याचे वयस्कर कारभारी म्हणाले, ‘‘झोळीला चार माणसे लागतात, आणि वाट लांब असली तर आठ. मी सांगितल्याशिवाय ती माणसे उठत नाहीत. म्हणजे हे चौदा खडे माझे आहेत.’’

आशा आणि परिचारिका असताना या पुढाऱ्यांना शिकवायचे कशासाठी, हा माझ्या मनातला प्रश्न तिथेच मिटला. आशा सकाळी नऊ वाजता धोका ओळखते, पण ती वीस-बावीस वर्षांची, दुसऱ्याच्या घरची सून असते. तिच्या शब्दाने झोळी उठत नाही. ती उठवणाऱ्याला धोक्याची खूण कळली पाहिजे, आणि आशेचा शब्द मोडायचा नाही हेही कळले पाहिजे.

दुपारी निवृत्त गुरुजींनी सगळ्यांच्या मनात असेल असा प्रश्न उभे राहून विचारला. ‘‘तुम्ही मिशनचे आहात. औषध शिकवाल, मग हळूच धर्म शिकवाल का?’’ वर्ग एकदम शांत झाला. डॉक्टर म्हणाले, ‘‘मी रोज पहाटे माझ्या खोलीत प्रार्थना करतो आणि तिच्यामुळेच इथे आलो, हे लपवणार नाही. पण या वर्गात आजाराखेरीज दुसरे काही शिकवले जाणार नाही, आणि आमच्याकडच्या उपचाराला कोणाचा देव विचारला जात नाही. असे कधी घडले तर वर्ग बंद करायचा अधिकार तुमचा.’’ हा प्रश्न विचारणे गुरुजींचे कर्तव्यच होते असे मला वाटते, आणि डॉक्टरांनी तो अपमान मानला नाही याचा मला आनंद झाला. पाचही दिवस माझे लक्ष होते. त्यांनी शब्द पाळला.

संध्याकाळी मला आमच्या गावातले जनस्वास्थ्य रक्षक आठवले. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने ती योजना सुरू केली होती. हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण, महिन्याला पन्नास रुपये मानधन आणि थोडी औषधे, असे तिचे स्वरूप होते. कल्पना उत्तम होती. आमच्या गावात मात्र तेव्हाच्या एका पुढाऱ्याने आपल्याच नात्यातल्या मुलाला पाठवले. तो शिकून आला, औषधांची पेटी त्याच्या ओसरीवर राहिली, आणि खालच्या आळीतली माणसे ती ओसरी कधी चढली नाहीत. जामखेडला निवड गावाने केली होती, आमच्याकडे एका घराने. इथे आलेले सत्तावीस जण कसे निवडले, असे मी डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की प्रत्येक पाड्यावर बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळे बसवून ‘रात्री आजारपण आले तर तुम्ही पहिल्यांदा कोणाचे दार वाजवता’ एवढेच विचारले होते. ज्यांची नावे आली, तीच माणसे इथे होती.

तिसरा दिवस : पाणी आणि श्वास

या दिवसाविषयी लिहिताना माझा हात थोडा जड होतो.

१९७४ च्या श्रावणात, बोरीकाठच्या आमच्या गावी, माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा असताना हगवणीने गेला. पोटात पाणी ठरत नाही तर वरून कशाला ओतायचे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले आणि त्याचे पाणी बंद केले. तांब्याकडे झेपावणारा त्याचा हात मला अजून दिसतो. त्यात कोणाची माया कमी नव्हती. ज्यांच्या शब्दाला घरात मान होता, त्यांना त्या एका गोष्टीचे ज्ञान नव्हते.

म्हणून डॉक्टरीणबाई पश्चिम बंगालमधल्या बोनगावची हकीकत सांगू लागल्या तेव्हा मी वही मिटून ऐकत राहिले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळले, ते पाणी पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे हात आईबापांचे आणि भावाबहिणींचे होते. माझा भाऊ गेला तो त्यानंतर तीन वर्षांनी.

मग प्रत्यक्ष कृती सुरू झाली आणि माझा शिक्षकी स्वभाव जागा झाला. पानावर लिहिले होते, ‘एक लिटर पाण्यात पाकिटातली सगळी पावडर मिसळावी.’ प्रत्येकाने घरून तांब्या आणायचा, असे आदल्या दिवशी सांगितले होते. आम्ही नऊ तांबे मोजले, तर एकात सहाशे मिलिलिटर मावत होते आणि एकात सव्वा लिटर. पाणी कमी पडले तर मिश्रण खारट होऊन बाळाला अपाय होतो, पाणी जास्त झाले तर गुण कमी येतो. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचे माप, म्हणजे लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हेही डोंगरात डळमळते, कारण इथे खडा मीठ वापरतात आणि चमचा पुष्कळ घरांत नसतो. बराच खल झाल्यावर एका दाईने बाहेर जाऊन बाजारात विकत मिळणाऱ्या पाण्याची रिकामी बाटली आणली. ती एक लिटरची असते आणि प्रत्येक पाड्यावर सापडते. पान तिथल्या तिथे बदलले. मीठ चाखून पाहायची जुनी खूणही सगळ्यांना पटली, की पाणी डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये.

पुढचे त्यांनी भराभर उचलले. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप पाणी घोट-घोट द्यायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यायचे. अंगावरचे दूध आणि पेज चालू ठेवायची. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी सोडायच्या नाहीत. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, बाळ सुस्त पडले किंवा पिईनासे झाले, शौचात रक्त आले, तर झोळी. ‘तर झोळी’ हे शब्द इतक्या वेळा आले की शेवटी डॉक्टर लक्षणे सांगून थांबत आणि सगळा वर्ग ते शब्द म्हणे.

दुपारनंतर माळा निघाल्या. लहान मुलाचा न्यूमोनिया छातीला नळी न लावताही ओळखता येतो, त्यासाठी श्वास मोजावे लागतात. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. पण मिनिट आणि आकडा दोन्ही एकदम सांभाळणे न शिकलेल्या माणसाला अवघड जाते. त्यासाठी मण्यांच्या दोन माळा केल्या होत्या. लांब माळेत एकोणपन्नास पांढरे मणी आणि पन्नासावा लाल, आखूड माळेत एकोणचाळीस पांढरे आणि चाळिसावा लाल. प्रत्येक श्वासाला एक मणी पुढे सरकवायचा. मोबाइलवर मिनिटाची घंटा होण्याआधी लाल मणी बोटांत आला, तर श्वास जलद. दोन महिन्यांखालचे बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार लागले किंवा धापू लागले, तर माळ काढायचीसुद्धा नाही, थेट झोळी.

गावातल्या साध्या बायकांना हे जमते, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची जी काळजी घेतली, तिने नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गडचिरोलीचे नाव घेताच एक अंगणवाडी सेविका म्हणाली, ‘‘ती पण आपल्यासारखीच जंगलातली माणसे ना?’’ आणि तिने माळ पुन्हा हातात घेतली.

आश्रमशाळेच्या स्वयंपाकीणबाईंचा नातू आंब्याच्या सावलीत झोपला होता. सत्तावीस जणांनी आळीपाळीने त्याचे श्वास मोजले. बाळ दूध पिताना किंवा रडताना मोजायचे नाही, कपडा वर करून पोटाकडे पाहायचे, पूर्ण मिनिट मोजायचे. पहिल्या फेरीत निम्म्यांनी पोट वर येताना एक आणि खाली जाताना एक, असे दोन-दोन मणी सरकवले. चूक कळल्यावर त्या वयस्कर कारभाऱ्यांनी अकरा वेळा मोजले. बाळ शेवटी जागे होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले.

चौथा दिवस : चालता चालता म्हणायचा मंत्र

सकाळी जखमा. वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवायचे, धुतलेला फडका बांधायचा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला जायचे. राख, शेण किंवा तेल लावायचे नाही. सगळ्यांत म्हाताऱ्या दाईने विचारले, ‘‘नाळेला पण तेल-हळद नाही? माझ्या सासूने लावले, मी लावले.’’ डॉक्टरीणबाईंनी तिला उलट विचारले की तुमच्या काळात सात-आठ दिवसांचे बाळ आखडून, तोंड मिटून जात असे का. दाई ‘जात असे’ म्हणाली आणि बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली. नाळ कोरडी ठेवणे, नवे पाते, धुतलेले हात आणि गरोदरपणातली लस या साध्या गोष्टींनी तो आजार इतका मागे हटला की माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. बाई तिला शेवटी म्हणाल्या, ‘‘आजी, तुम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.’’ मला घाटातला अस्तंभा आठवला.

मग साप. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत खेड्यातली, शेतात राबणारी माणसे सर्वाधिक. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची चित्रे भिंतीवर लावली होती, पण त्यांची गरज शिकणाऱ्यांपेक्षा मलाच अधिक होती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही आणि पहाटे पापण्या जड होतात. हे डॉक्टर सांगत असताना तीन माणसांनी आपापल्या पाड्यावरची नावे घेतली. करकचून बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. पायाला काठी बांधून तो हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही, आणि लस असलेल्या दवाखान्यात न्यायचे.

दोघांपैकी वयाने मोठे बडवा तोवर गप्प होते. ते म्हणाले, ‘‘मी मिरची चारतो. तिखट लागली तर विष नाही, गोड लागली तर आहे. मग मंत्र म्हणतो. दहांतले सात बरे होतात.’’ मला वाटले आता वाद होईल. डॉक्टर म्हणाले, ‘‘सात बरे होतात ते खरेच आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावूनही कधी कधी विष सोडत नाही. त्या सातांना तुमच्या शेजारी बसण्याने धीर येतो, आणि घाबरलेल्या माणसाला धीर लागतोच. मला उरलेल्या तिघांविषयी बोलायचे आहे. ते तिघे कोणते, हे पहिल्या तासात तुम्हालाही कळत नाही आणि मलाही कळत नाही. म्हणून दहाही जणांना खाली आणायचे. तुमचा मंत्र चालता चालता म्हणता येईल का?’’

बडवांनी डोळे मिटले. वर्गात कोणी हलले नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘‘बसून म्हणायचा वेगळा. वाटेवर म्हणायचाही एक आहे. गुरूने दिला होता, मी कधी वापरला नाही.’’ मग त्यांनी विचारले की झोळीच्या पुढे चालायचे की मागे.

गेली अनेक वर्षे मी अंधश्रद्धेवर वर्गात पोटतिडकीने बोलत आले आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. मिरचीने विष कळत नाही, हे डॉक्टरांनीही पुढे स्पष्ट सांगितले. पण ज्याच्या दाराशी माणूस रात्री पहिल्यांदा जातो, त्याचा अपमान करून त्या माणसाला वाचवता येत नाही, हे मी इतक्या वर्षांत इतके स्वच्छ पाहिले नव्हते.

पाचवा दिवस : मक्याचे दाणे, आणि वरचा पाडा

सकाळचा तास सिकलसेलचा होता आणि तो माझ्याकडे दिला होता. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत हा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि तिच्या तपासण्या इकडेही होतात. मी पांढरे आणि लाल मक्याचे दाणे घेतले. प्रत्येक माणसाला एक दाणा आईचा, एक बापाचा. दोन्ही पांढरे तर काही नाही. एक लाल असेल तर तो माणूस वाहक, सहसा धडधाकट. दोन्ही लाल आले तर आजार, म्हणजे हाडे-सांधे दुखणे, कावीळ, रक्त कमी होणे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. दाणे हातात घेऊन त्यांनी चारही जोड्या स्वतः लावल्या. माझ्या नववी-दहावीच्या वर्गांना याला दोन तास लागत असत.

पण या माणसांना हे शिकवताना मला काळजीही वाटत होती, कारण लग्नाची बोलणी आणि देज, म्हणजे मुलीच्या घरी द्यायची रक्कम, याच कारभाऱ्यांच्या बैठकीत ठरते. वाहक मुलीला उद्या कोणी नाकारले तर? मी ते मोकळेपणाने बोलून दाखवले. सरपंचबाईंनी लगेच सांगितले की लाल दाणा मुलाकडेही तितकाच असतो, तेव्हा बैठकीत एकट्या मुलीचे कार्ड मागितले तर मी उठून जाईन. कोणाचा तपासणीचा कागद चारचौघांत वाचायचा नाही, असेही ठरले. हे टिकेल की नाही, याची खात्री मला देता येत नाही.

दुपारी उन्हे कलल्यावर आम्ही त्या वयस्कर कारभाऱ्यांच्या पाड्यावर गेलो. दोन तासांची चढण होती. वाटेत त्यांनी मला मध्येच थांबून विचारले, ‘‘बाई, तुम्ही खानदेशना शेतस ना?’’ माझ्यासाठी मुद्दाम आठवून बोललेली ती अहिराणी ऐकून मला भरून आले.

पाड्यावर पोहोचताच कोणीतरी सांगितले की शेजारच्या घरात चौदा महिन्यांच्या मुलाला दोन दिवस खोकला आहे. डॉक्टर पुढे झाले नाहीत. कारभाऱ्यांनी आखूड माळ काढली. मूल रडत होते आणि मिनिट संपायच्या आत लाल मणी आला. मला वाटले, आता झोळी. पण ते म्हणाले, ‘‘रडते आहे. थांबू.’’ आईने त्याला पाजले, शांत केले, आणि पाऊण तास आम्ही ओसरीवर बसून उडदाची डाळ आणि भाकरी खाल्ली. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा लाल मण्याला पाच मणी बाकी होते. त्यांनी सदरा वर करून छाती आत ओढली जाते का पाहिले, मूल दूध नीट पिते का आईला विचारले आणि मग मान वळवून डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी मूल तपासले आणि म्हणाले की मीही हेच ठरवले असते, पण रात्रीतून दोनदा पुन्हा मोजा.

झोळीसाठी आठ जणांची नावे त्याच संध्याकाळी ठरली. कोण बाजाराला गेला तर त्याच्या जागी कोण, हेही ठरले. बाळंतीणीबरोबर घरची बाई गेली तर शेळ्या कोणी राखायच्या, या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो बायकांनी सोडवला.

सहावा दिवस : परतीची वाट

सकाळी आम्ही धडगावहून निघण्याच्या बेतात असताना कारभारी चढणीची ती सगळी वाट उतरून आले. रात्री दोनदा आणि पहाटे एकदा मोजले होते, लाल मणी एकदाही आला नव्हता, मूल खेळत होते. पण ते यासाठी आले नव्हते. ‘‘माळ माझ्या घरात असते,’’ ते म्हणाले. ‘‘मी बाजाराला गेलो आणि घर बंद असले तर? अंगणवाडीच्या दाराला एक टांगून ठेवायची आहे. आणि खालच्या पाड्याला माळच नाही.’’ डॉक्टरांकडच्या माळा संपल्या होत्या.

नंदुरबारला गाडीला अवकाश होता. बाजारात जाऊन मी पांढरे मणी, थोडे लाल मणी आणि जाड दोरा घेतला. गाडीत खिडकीशी बसून ओवायला सुरुवात केली. दोंडाईच्यापर्यंत एक आखूड माळ झाली. शिंदखेड्याच्या आसपास शेजारच्या बाईंनी काय करता म्हणून विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी दुसरा दोरा मागून घेतला. अमळनेर येण्याआधी तिसरी माळ पुरी झाली. उतरण्यापूर्वी मी तिन्ही पुन्हा मोजल्या. एकीत पांढरे मणी चाळीस झाले होते. गाठ सोडून त्यातला एक काढला आणि लाल मणी पुन्हा बसवला.